डोक्यावर ठेवलेलं हरण

वहिनींचा फोन आला तेव्हा मी गिरणीवर होते. ज्वारीचा डबा नुकताच पुढं सरकवला होता आणि गिरणीच्या घरघरीत पहिल्यांदा मला काही ऐकूच आलं नाही. रस्त्यावर येऊन मीच परत लावला. वहिनी म्हणाल्या, "सुमनताई, हे उठंनात." आता शहाण्या माणसानं यावर काय बोलावं? मी म्हटलं, "अहो, मग हलवून उठवा ना, दहा वाजले!" छत्तीस वर्षं शाळेत पोरांवर ओरडण्यात गेली, त्यामुळं कुठल्याही प्रसंगाला माझ्या तोंडून आधी रागच बाहेर पडतो. पलीकडून हुंदका आला. गिरणीवाल्याला हातानंच खूण केली, डबा तिथंच सोडला आणि रिक्षा पकडली.

माझा थोरला भाऊ गंगाधर, आमचा आण्णा, त्या सकाळी गेला. आषाढातली गोष्ट, आता दीड महिना होईल. जालन्यात, तिसऱ्या मजल्यावरच्या त्याच्या घरी, ज्या खाटेवर चार वर्षं पडून होता त्याच खाटेवर, झोपेत. भेटायला आलेला प्रत्येक जण मला म्हणाला, सुटला बिचारा. म्हणोत. मला माहीत आहे की तो सुटला नाही, आणि त्याला अडकवून ठेवणाऱ्यांत मी पहिली. हे चारचौघांत सांगितल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरणार नाही, म्हणून लिहायला बसले.

जायच्या चार दिवस आधी मी त्याला भेटून आले होते. लकवा मारल्यापासून उजवी बाजू गेलेली आणि बोलणं इतकं आटलेलं की दिवसाकाठी पाच-सहा शब्द निघाले तरी पुष्कळ. लिफ्ट नसलेल्या त्या इमारतीच्या पायऱ्या चढून, धापा टाकत मी खोलीत शिरले की त्याचा पहिला शब्द ठरलेला, "लिवलं?" त्या दिवशीही तेच. मी पिशवीतून केळी काढत म्हटलं, "लिहिते रे आण्णा, कुठं पळून चाललंय?" चार वर्षं मी असंच लिहीत होते. तो हसला नाही, रागावलाही नाही. नेहमीसारखा समोरच्या भिंतीकडं बघत राहिला. त्या भिंतीवर एक लाकडी हरण आहे. सगळी गोष्ट त्या हरणाचीच आहे, तेव्हा जरा मागून सांगते.

आम्ही मूळचे हसनाबादचे. आजोबांनी जन्मभर मेंढरं वळली, वडिलांनी मेंढरं विकून शेती धरली आणि आण्णा शेतकीची पदविका घेऊन जालन्यातल्या एका बियाण्याच्या कंपनीत लागला. कपाशी म्हणजे त्याचा जीव की प्राण. लग्नाच्या पंगतीत बसला तरी शेजारच्याला विचारणार, औंदा बोंडअळी कितपत हाय? कंपनीनं आफ्रिकेतल्या माली देशात कपाशीचे चाचणी प्लॉट घ्यायचं ठरवलं तेव्हा जायला कुणी तयार होईना. हा म्हणाला, मी जातो. वहिनी आणि लहानगी लेक जालन्यात, हा तिकडं. सहा वर्षं. वर्षातून एकदा यायचा, काळा ठिक्कर पडून, आणि आल्या आल्या पहिल्यांदा हसनाबादला शेतात जाऊन उभा राहायचा.

तिकडं तो ज्या भागात होता तिथले शेतकरी बामना जमातीचे. आण्णा सांगायचा, "सुमे, आपल्यासारखेच कोरडवाहू लोक. ज्वारी-बाजरी खात्यात, कपाशी लावत्यात, आभाळाकडं बघत बसत्यात. भाकरी थापत न्हाईत एवढंच, न्हाईतर हसनाबादच बघ बिलकुल." त्यांच्यात म्हणे काम करणाऱ्या माणसाच्या जवळून नुसतं जाता येत नाही. थांबून म्हणायचं, 'इ नि बारा', म्हणजे तू आणि तुझं काम. सुट्टीवर आला की हा स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून वहिनींना 'इ नि बारा' म्हणायचा आणि वहिनी म्हणायच्या, बारा वाजले तरी चालंल, आधी आंघोळ करा.

या बामना लोकांच्यात एक गोष्ट आहे. फार पूर्वी माणसाला शेती येत नव्हती. तेव्हा एक प्राणी आला, अर्धा हरणासारखा, अर्धा माणसासारखा. त्यानं आपल्या खुरांनी आणि आईनं दिलेल्या काठीनं जमीन उकरून दाखवली, दाणा कसा टाकायचा ते शिकवलं. माणसं शिकली, धान्य मायंदाळ झालं, आणि मग जे होतं तेच झालं. आळस आला, दाण्याची नासाडी सुरू झाली. त्या प्राण्याला इतकं वाईट वाटलं की त्यानं स्वतःला जमिनीत गाडून घेतलं. माणसांचे डोळे उघडले, पण उशिरा. मग त्यांनी त्याची आठवण म्हणून लाकडात हरण कोरलं आणि ते डोक्यावर घेऊन शेतात नाचायला सुरुवात केली. त्या प्राण्याला आणि त्या डोक्यावरच्या लाकडालाही म्हणतात चीवारा. रानातलं मशागत करणारं जनावर, असा काहीसा अर्थ आण्णा सांगायचा. आमचा चुलतभाऊ रामदास, जो आमचं हसनाबादचं रान बघतो, त्यानं ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली आणि कपाळाला हात लावला. "आण्णा, काय बी सांगतो का? हरणानं शेती शिकवली? इथं हरणांनी माझी अर्धी ज्वारी खाल्ली!" आमच्याकडं काळविटांचे कळप रात्रंदिवस पिकात असतात, त्यामुळं रामदासचंही बरोबरच होतं.

पण ते हरण भिंतीवर लावायची वस्तू नव्हे, हे आण्णा पुन्हा पुन्हा सांगायचा. त्याच्या बुडाला वेताची विणलेली टोपी असते. ती डोक्यावर घालून हनुवटीखाली बांधायची, अंगभर झाडाच्या तंतूंचा काळा झगा, आणि दोन हातांत दोन आखूड काठ्या. त्या काठ्या म्हणजे पुढचे पाय. कंबरेत वाकून त्या टेकवत नाचायचं, आणि रान सोडेपर्यंत पाठ सरळ करायची नाही. पुढं जवान पोरं ओळीनं खुरपणी करत असतात, चढाओढ लागलेली असते, बाया गाणी म्हणून एकेकाचं नाव घेतात, आणि या सगळ्यांच्या मागून हरणं नाचत येतात. हरणं म्हणजे जोडी. नराच्या मानेवर सूर्याच्या किरणांसारखी उभी आयाळ कोरलेली, मादीच्या पाठीवर पाडस. नर म्हणजे ऊन, मादी म्हणजे जमीन, पाडस म्हणजे माणूस. एकट्यानं नाचायचं नाही, कधीच नाही. उन्हाविना जमीन आणि जमिनीविना ऊन कुणाच्या काय कामाचं? आण्णा हे सांगताना आवाज खाली आणायचा. एका वर्षी तोही त्या खुरपणीच्या ओळीत उतरला होता. जिंकला नाही, चौथा का पाचवा आला, पण परक्या माणसानं आपल्याबरोबर कंबर मोडली याचं गावाला फार अप्रूप वाटलं.

आता चूक कशी झाली ते सांगते. कंपनीनं तिकडचं काम आवरतं घेतलं तेव्हा त्या गावानं आण्णाला निरोप दिला. झाडाखाली सगळा गाव जमलेला. एका म्हाताऱ्या पुढाऱ्यानं नराचं हरण आणवलं आणि आण्णाच्या डोक्यावर ठेवलं. टाळ्या, ढोल, बायांची गाणी. आता मला सांगा, आपल्या मराठवाड्यातल्या माणसाला निरोपाच्या वेळी डोक्यावर काहीतरी घातलं तर तो काय समजंल? टॉवेल-टोपीचा आहेर! आपल्याकडं पाहुण्याला टॉवेल-टोपी दिली आणि त्यानं ती तिथंच काढून ठेवली, तर यजमानाचं नाक कापल्यासारखं होतं. आण्णानं हात जोडले, डोळ्यांत पाणी आलं, ते हरण छातीशी धरलं आणि जीपमध्ये जाऊन बसला. गाव बघत राहिला. पाहुण्याच्या हातातून वस्तू काढून घ्यायची रीत त्यांच्यातही नव्हती.

जीप चालवायला बकारी नावाचा तिथलाच माणूस होता. सहा वर्षं आमच्याकडच्या लोकांबरोबर राहून मोडकंतोडकं हिंदी शिकलेला. तो राजधानीत पोचल्यावर, सामान उतरवताना म्हणाला, "साहब, वो दिया नहीं था. सिर पे रखा था. इज्जत के लिए. वो जोडी का है." आण्णाचं विमान दुसऱ्या दिवशी पहाटे होतं. गाव दिवसभराच्या वाटेवर. आण्णा म्हणाला, मी इंडियात जाऊन जल्दी पाठवतो. आणि घेऊन आला.

इकडं आल्यावर काय झालं ते मी सांगते, कारण ते मी केलं. मी तेव्हा शाळेत मुख्याध्यापक होते. मोठा समारंभ ठेवला. सगळी शाळा मैदानात बसवली, टेबलावर भगवं कापड, त्यावर हरण. मी भाषण ठोकलं की माझ्या भावाला परदेशातल्या शेतकऱ्यांनी आपला सर्वोच्च मान दिला. पेपरवाल्यांना मीच बोलावलं होतं. दुसऱ्या दिवशी गावोगावच्या अंकात फोटो. पेपरच्या जुन्या वाचकांपैकी कुणाला आठवतही असेल. आण्णा पूर्ण वेळ मान खाली घालून बसला होता. आम्हाला वाटलं, किती विनयशील!

कार्यक्रम झाल्यावर, पोरं सतरंज्या गोळा करत असताना, मी त्याला माझ्या खोलीत चहा दिला. कप हातात धरून तो म्हणाला, "सुमे, ते मला दिलं न्हवतं." आणि मग सगळं सांगितलं. मी ऐकलं आणि माझ्या अंगाची लाही झाली. मैदानावर अजून माझं भाषण वाळलं नव्हतं! म्हटलं, "आण्णा, झालं ते झालं. आता हे कुणापाशी बोलायचं नाही. वहिनींनाही नाही. माझी अब्रू जाईल." तो म्हणाला, "त्यांचा नाच बंद पडला असंल गं. मादी एकटी नाचत न्हाई." मी म्हटलं, "लाकडाचं आहे. दुसरं करतील." त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जसं शाळेतली पोरं न सुटणाऱ्या गणिताकडं पाहतात. आणि गप्प बसला. माझं ऐकायची त्याला लहानपणापासून सवय, धाकटी असून.

बरं, त्यानं ते परत पाठवायची खटपट केली नाही असं नाही. पार्सलवाल्यांनी सांगितलं, जुनी कलावस्तू म्हणून परवाना आणा. परवान्याच्या कचेरीत विचारलं, तुम्ही आणलंत कशाच्या आधारावर? आधार काय, टॉवेल-टोपी! पुढं मालीत गडबड सुरू झाली, त्या बाजूच्या वाटाच बंद झाल्याच्या बातम्या यायला लागल्या, आणि आण्णा हळूहळू विचारायचाच थांबला. हरण वर्षभर चादरीत गुंडाळून कपाटात होतं. एका दिवाळीला वहिनींनी घर रंगवून घेतलं आणि हौसेनं ते आतल्या खोलीच्या भिंतीवर खिळा ठोकून लावलं. पाहुणे यायचे, बघायचे, वाहवा करायचे, वहिनी कौतुकानं सांगायच्या, यांना मान मिळालाय तिकडचा. आण्णा त्या खोलीत बसताना खुर्ची फिरवून, भिंतीला पाठ करून बसायचा. वहिनींना वाटायचं, खिडकीतून उजेड येतो म्हणून.

आणि मग लकवा. दवाखान्यातून घरी आणला तेव्हा वर-खाली करणारी मोठी खाट आणली. ती खोलीत एकाच बाजूला मावत होती. हरणासमोर. आता याला पाठ फिरवता येत नव्हती. कूस वहिनींनी बदलली तरच बदलायची, आणि डोळे उघडले की समोर तेच. सकाळी तेच, जेवताना तेच, डायपर बदलताना तेच. तिसरा मजला, अरुंद जिना. चार वर्षांत तो फक्त दोनदा खाली आला, दोन्ही वेळा चौघांनी खुर्चीत उचलून दवाखान्यात नेण्यासाठी. मी एकदा म्हटलं, "वहिनी, ते काढून ठेवू का, धूळ बसते." वहिनी म्हणाल्या, "नको ओ, तेवढाच त्यांना विरंगुळा. दिवसभर बघत असतात." ते काढायचं तर खरं सांगावं लागलं असतं. मी खाटेकडं पाहिलं. आण्णानं डोळे मिटून घेतले होते.

मला सांगायची लाज वाटते, पण सांगते. पहिल्याच वर्षी, एका दुपारी वहिनी खाली भाजी घ्यायला गेल्या असताना, त्यानं डाव्या हातानं माझा पदर ओढला आणि अर्ध्या तासात, एकेक शब्द जुळवत मला काम सांगितलं. बकारीला लिही. मादीचं काय झालं विचार. माफी माग. एवढंच. बकारीचा नंबर त्याच्या जुन्या डायरीत होता, डायरी खाटेशेजारच्या टेबलाच्या खणात. मी 'बरं' म्हटलं. आणि नाही लिहिलं. का नाही लिहिलं? कारणं माझ्याकडं ढीगभर होती. नंबर बदलला असेल, भाषा कुठली वापरावी, तिकडं लढाई चालू आहे, गुडघा दुखतोय, नातीची परीक्षा आहे. यातलं एकही खरं नव्हतं. मला भीती वाटत होती की तिकडून उत्तर येईल, हो, तुमच्या माणसानं आमचं सगळं बिघडवलं. मग त्या मैदानावरच्या भाषणाचं काय करायचं? ज्या बाईनं छत्तीस वर्षं पोरांना 'खरे बोलावे' फळ्यावर लिहून दिलं, ती आपल्या भावाची एक माफी चार वर्षं घोळवत राहिली. आणि तो दर वेळी विचारत राहिला, लिवलं? एकदा तर मी चिडून बोलले, "तुला दुसरं काही सुचतच नाही का रे?" त्याला खरंच दुसरं काही सुचत नव्हतं. समोर ठेवलं होतं ना आम्ही.

तेरावा झाला. लेक पुण्याला परत गेली. मी वहिनींच्या सोबतीला तिथंच राहिले. एके दुपारी वहिनी पडल्या होत्या, मी खण उघडला, डायरी काढली. 'बकारी, जीप' असं आण्णाच्या बारक्या अक्षरात. मोबाईलमध्ये नंबर घातला, तर एका पिकल्या दाढीच्या माणसाचा फोटो वर आला. हसत होता. मी हिंदीत चार ओळी लिहिल्या. मी गंगाधर साहेबांची बहीण. साहेब वारले. ते हरण अजून आमच्याकडं आहे. त्यांना त्याचं फार दुःख होतं, माफ करा. मादीचं काय झालं? सगळं मिळून दोन मिनिटं लागली. चार वर्षं टाळलेलं काम, दोन मिनिटं! मी तिथंच आण्णाच्या रिकाम्या खाटेवर बसून ढसाढसा रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर आलं, आवाजातलं. वहिनी समोर तांदूळ निवडत होत्या. मी घाईत बटण दाबलं आणि खोलीभर बकारी बोलायला लागला. "सलाम मॅडम. साहब गया, बहुत रोया मैं. अल्लाह उसको जन्नत दे. लेकिन मॅडम, वो लकडी का बात साहब अब तक पकड के बैठा था? क्यों? अगला बारिश में लोहार ने नया बना दिया. लकडी है, टूटता है, दीमक खाता है, तो फिर बनाते हैं. काम थोडी रुकता है! मादी उसी साल नाची. गाँव का औरत लोग तो गाना में बोलता है, उसका एक मरद इंडिया गया, उधर का कपास में नाचता है. सब बहुत खुश. मॅडम, उधर नाचता है ना?" तिकडं लाकूड कोरतो तोही लोहारच, हे आण्णानं सांगितलेलं मला त्या क्षणी आठवलं, आणि हेही की 'दुसरं करतील' असं मीच त्याला म्हटलं होतं. बरोबर निघालं माझं. पण मी ते त्याला गप्प करायला म्हटलं होतं, आणि त्यालाही ते कळलं होतं.

वहिनींच्या हातातलं सूप तसंच राहिलं. त्यांनी मला परत लावायला सांगितलं. दुसऱ्यांदा ऐकून म्हणाल्या, "म्हंजे ते मानाचं न्हवतं?" मी सगळं सांगितलं. टोपी, जीप, भाषण, खाट, न लिहिलेलं पत्र. शेवटी त्या म्हणाल्या, "दर दिवाळीला मी त्याला तेल लावून पुसलं, सुमनताई. त्यांच्या डोळ्यांसमोर. अन् तुम्ही दोघं बहीण-भाऊ बघत बसलात." मग उठून आत गेल्या. मी बाहेर एकटी, हातात मोबाईल, आणि पडद्यावर बकारीचा प्रश्न. तिकडं गावात कुणी काही अडवून बसलं नव्हतं. सोळा वर्षं नाच चालू होता, आणि अडकून पडलेलं जे काही होतं ते सगळं या एका खोलीत होतं. मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं की मी काय लिहावं? मी लिहिलं, "हाँ भाई, नाचता है. हर साल." बघा, सवय जात नाही! लगेच दोन टिकल्या निळ्या झाल्या आणि उत्तर आलं, "विडिओ भेजो मॅडम. गाँव को दिखाना है."

वहिनी दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. ताट वाढायच्या, पण बोलायच्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मी मोबाईल त्यांच्यापुढं धरला आणि माझं ते खोटंही वाचून दाखवलं. त्या कपाळावर हात मारून म्हणाल्या, "कमाल हाय तुमची! त्या माणसाला आधी खरं सांगा. माझ्यासमोर सांगा." मी बटण दाबून धरलं. "बकारीभाई, झूठ बोली मैं. नहीं नाचा. सोलह साल से घर में पडा है, दीवार पे. साहब उसके सामने मर गया." तेवढंच बोलले. बकारीचं उत्तर संध्याकाळी आलं, अगदी छोटं. "तो अब नचाओ ना मॅडम. लकडी तो अच्छा है?"

लाकूड चांगलं आहे. वहिनींच्या तेलानं चांगलं राहिलंय. काल मी स्टुलावर चढून ते काढलं. वेताची टोपी एका बाजूनं उसवली होती, ती बुरुड गल्लीतून विणून आणली. मग रामदासला हसनाबादला फोन लावला. म्हटलं, कपाशीत कोळपणी कधी आहे, आम्ही येतो, तुला हे डोक्यावर घालून ओळीनं चालायचंय. रामदास म्हणाला, "ताई, दुखवट्याचं साल हाय, लोक काय म्हणतील? सण करून राह्यले म्हणतील." वहिनी भाकरी थापत होत्या. फोन स्पीकरवर होता. तिथूनच बोलल्या, "सण न्हाई भाऊजी. कामाला येऊन राह्यलोत." रामदास म्हणाला, "बराबर हाय. मंग मी घालतो. पण वहिनी, ते एकटं नाचत न्हाई म्हणायचा ना आण्णा? दुसरं कुठून आणायचं?"

वहिनींनी भाकरी तव्यावर टाकली, पीठ लागलेल्या हातानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, "मी चालते ना शेजारून. सहा वर्षं इथं एकटी राह्यले, चार वर्षं त्यांच्याजवळ बसून बी एकटीच होते म्हणायचं. कपाशीची एक ओळ तरी जोडीनं चालू द्या मला."